गठ्ठा मारून लातूरला

लातूरला जिल्हा मिळाला आणि एक-दोन पावसाळ्यांत पाणी गेलं. हा सौदा कुणी केला मला माहीत नाही, पण आमच्या गल्लीतले म्हातारे शपथेवर सांगायचे की उस्मानाबादेत होतो तेव्हा आड काठोकाठ असायचे. आता कलेक्टर आले, रंग ओला असलेल्या पाट्या आल्या, जीपगाड्या आल्या, आणि आडात बादली सोडली की ती तळाला आपटून वरच्या माणसालाच शिवी द्यायची.

बायको या नव्या जिल्ह्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. कचेरी म्हणजे कुणाचं तरी भाड्यानं घेतलेलं राहतं घर. बैठकीत साहेब, स्वयंपाकघरात आवक-जावक आणि मोरीत उस्मानाबादेहून ट्रकनं आलेली जुनी दप्तरं. मोरी वर्षभर कोरडी, त्यामुळे दप्तराला धोका नाही, असं साहेबांचं म्हणणं. दुष्काळाचा एवढा एक फायदा सरकारनं नक्की करून घेतला. बायको आणि शाळेत जाऊ लागलेली लेक, दोघी कचेरीमागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायच्या. आई नांदेडला, वडिलांच्या घरात, एकटी आणि हट्टी. आणि मी हैदराबादला, विमानतळाच्या टॉवरमध्ये.

मी कंट्रोलर होतो. विमान चालवत नव्हतो. वरच्या काचेच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून, कुणी आधी उतरायचं आणि कुणी वर घिरट्या घालत थांबायचं, हे वैमानिकांना सांगायचो. गल्लीला हे काही केल्या पटत नसे.

"म्हणजे एसटी स्टँडावर कंट्रोलर असतो तसंच की," शेजारचे पेन्शनर मास्तर म्हणायचे.

"तसंच, गुरुजी."

"मग तुमची चौकशीची खिडकी कुठंय?"

"आकाशात."

"तरीच कुणी सापडत न्हाई तिथं."

आता आमच्या ड्यूटीबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. तिथला चार्ट असा: पहिल्या दिवशी आफ्टरनून, दुसऱ्या दिवशी मॉर्निंग, आणि मॉर्निंग संपवून दुपारी खोलीवर गेलं की त्याच रात्री परत नाइट. दुपारी जी खुर्ची सोडली ती थंड व्हायच्या आत पुन्हा तिच्यावर बूड. नाइट संपली की मग दोन दिवस सुट्टी. बाहेरचा माणूस म्हणेल, काय हा जुलूम! पण ऐका, हा जुलूम आम्हाला पुरेनासा झाला होता.

माझ्याबरोबर देगलूरचा एक कंट्रोलर होता. घरी कानडी, बाजारात तेलुगू, शाळेत मराठी आणि भांडताना तिन्ही. त्याचीही बायकापोरं गावाकडे. आम्ही दोघांनी मिळून एक शोध लावला. मी त्याच्या ड्यूट्या करायच्या, त्यानं माझ्या करायच्या, आणि दोन फेऱ्या एकाला एक जोडून टाकायच्या. म्हणजे आफ्टरनून, मॉर्निंग, नाइट, आणि सकाळी नाइटवरून उतरलं की श्वास घेऊन लगेच पुन्हा आफ्टरनून, मॉर्निंग, नाइट. त्याच्या बदल्यात चार सुट्ट्या सलग. याला आम्ही 'गठ्ठा' म्हणायचो. गठ्ठा मारणं म्हणजे मर्दानी काम. जो गठ्ठा मारत नाही त्याला घरी कुणी विचारत नसावं, असा टॉवरमध्ये सर्वसाधारण समज. सरकारनं हे आमच्यावर लादलेलं नव्हतं. सरकार इतकं निर्दय नसतं. हे आमचं आम्हीच, आनंदानं, अर्ज करकरून केलेलं.

चार सुट्ट्यांचा हिशेबही ऐकून घ्या. नाइट संपवायची, पिशवी उचलायची, बस पकडायची. जहीराबाद, बीदर, उदगीर करत लातूर. लातुरात झोपायचं. उठायचं, जेवायचं, पुन्हा झोपायचं. मग नांदेडची एसटी धरून आईकडे जायचं. आई म्हणायची, "वाळलास रे." तेवढं ऐकायचं आणि तिथं झोपायचं. तिथून देगलूरच्या वाटेनं हैदराबाद. ही आमची प्रदक्षिणा. या प्रदक्षिणेत मी मराठवाड्याचा किती भाग पाहिला असं कुणी विचारलं तर प्रामाणिकपणे सांगेन: बसच्या खिडकीची काच आणि तिच्यावरचा माझ्याच तेलकट डोक्याचा डाग.

झोपेच्या गोष्टी सांगायला बसलो तर एक पुराण होईल. देगलूरकर एकदा दात घासता घासता उभ्या उभ्या झोपला आणि ब्रश मात्र चालूच होता. एका बाजूच्या दाढा निम्म्या झाल्या असं तो अजून सांगतो. मी एकदा लातूर स्टँडवर उतरायचं सोडून बसमध्येच राहिलो आणि बसबरोबर डेपोत गेलो. एरवी डेपोत बस धुतात, खिडकीतून पाण्याचा फवारा आला की माणूस जागा होतो. त्या वर्षी पाणी नाही म्हणून बस धुणं बंद. तेव्हा मला उठवणार कोण? दुष्काळाचे परिणाम किती लांबवर जातात याचा कुणी अभ्यास केलेला नाही. तीच बस दुसऱ्या गावी जाऊन परत लातूरला आली तेव्हा मी उतरलो. कंडक्टरनं दोन्ही बाजूंचं तिकीट घेतलं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. एक गोष्ट गेली नाही. गठ्ठ्याच्या शेवटच्या नाइटला एक विमान खाली यायची परवानगी मागत होतं. मी तोंड उघडलं आणि मला कळेना की ही परवानगी आपण आत्ता द्यायची आहे की मघाशी देऊन झाली आहे. आमच्यापुढे प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असते, काय सांगितलं ते तिच्यावर लिहायचं असतं. पट्टी पाहिली. लिहिलेलं होतं. अक्षर माझंच होतं. लिहिल्याचं मात्र काहीही आठवत नव्हतं. विमान व्यवस्थित उतरलं, वैमानिकानं गुड नाइट म्हटलं. मी ही गोष्ट देगलूरकरालाही सांगितली नाही. पट्टीवर होतं ना? मग झालं तर.

अशा सुखात असताना आम्हाला नवे इनचार्ज आले. अस्सल हैदराबादी, बारीक अंगाचे, तोंडात पान, बोलणं इतकं मऊ की रागावले तरी समोरच्याला वाटावं आपली तब्येत विचारतायत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात चार्ट हातात घेतला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "मियाँ, ये चार्ट है के सजा है?"

आम्ही अभिमानानं हसलो.

"मॉर्निंग और नाइट एकीच तारीख को? और ऊपर से ये जोड़-तोड़? नक्को. सब सीधा करता मैं."

सरळ म्हणजे काय, तर दोन दिवस मॉर्निंग, मग आफ्टरनून, मग नाइट, प्रत्येक ड्यूटीनंतर पोटभर झोप, आणि अदलाबदल बंद. सुट्टी एक-दोन दिवसांचीच. पुढे कधी तरी मला कळलं की जगात शहाणी माणसं हेच सांगतात. पण त्या वेळी त्यांचं बोलणं ऐकून आमच्या पायाखालची जमीन सरकली. दोन दिवसांत लातूर गाठायचं, नांदेड गाठायचं आणि परत यायचं? मग घरी काय, नुसता हात हलवून यायचं? चार सुट्ट्या गेल्या म्हणजे माझ्या दृष्टीनं बायको-लेक गेल्या, आई गेली. याहून मोठं संकट त्या वर्षी माझ्यावर दुसरं नव्हतं. पाणी नसलं तर टँकर येतो. सुट्टी नसली तर काय येतं?

आम्ही शिष्टमंडळ घेऊन गेलो. शिष्टमंडळ म्हणजे देगलूरकर आणि मी. बोलायचं काम माझ्याकडे, कारण थापा मारण्यात माझा हात धरणारा टॉवरमध्ये कुणी नव्हता.

"साहेब," मी म्हटलं, "आम्ही गठ्ठा मारून थकतो हा आपला गैरसमज आहे. मी लातूरला उतरतो तो ताज्या मुळ्यासारखा. उतरल्या उतरल्या पाणी भरतो, मंडईत जातो, लेकीचा अभ्यास घेतो. संध्याकाळी शेजाऱ्यांची भांडणं सोडवतो. आमच्याकडची माणसंच वेगळी, साहेब. ज्वारीवर वाढलेली."

देगलूरकरानं मान हलवून ज्वारीला दुजोरा दिला.

साहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. नव्या जिल्ह्याला विमानपट्टी हवी, असं त्या दिवसांत कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं आणि लातूरबाहेरचा एक माळ बघायला म्हणून साहेबांना बोलावणं आलं होतं. ते आम्हाला ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, "अच्छा? मैं अगले हफ्ते लातूरीच आ रहा. तुमारा गट्ठा कब खतम होता?"

मी सांगितलं. साहेबांच्या लातूरच्या फेरीचा नेमका तोच दिवस.

"तो ठीक है. शाम को तुमारे घर चाय पीता. तुम मूली के माफिक ताजे दिखे, तो बारिश तक चार्ट को हात नै लगाता. जबान दिया मैं. और नै दिखे तो?"

"तर आपण म्हणाल ते, साहेब."

बाहेर आल्यावर देगलूरकरानं माझी कॉलर धरली आणि तेलुगूतून सुरुवात केली. "एंदिरा हे! काय बोलून बसलास? सहा ड्यूट्या करून, दिवसभराची बस करून, तू ताजा दिसणार? मेल्यावर माणूस जेवढा ताजा असतो तेवढा तरी दिसशील का?"

"दिसतो. एक दिवसाचा तर प्रश्न."

"दोस्ता, तू झोपलास ना, तर माझ्या चार सुट्ट्या तुझ्याकडनं वसूल करीन. देगलूरच्या वेशीत उलटा टांगून."

गठ्ठा मारला. तो कसा मारला ते मला आठवत नाही आणि विमानांनाही आठवत नसावं. बसमध्ये न झोपण्यासाठी मी जे उपाय केले ते आयुर्वेदात लिहून ठेवण्यासारखे आहेत. जहीराबादपर्यंत हिरवी मिरची चघळली. बीदरपर्यंत नाकाशी कापूर धरला. पुढे जागा असूनही उभा राहिलो, एका बाईच्या टोपलीतल्या कोंबड्याशेजारी, की तो तरी टोचा मारील. कोंबडा उदगीरला उतरला. त्याच्यानंतर मी कंडक्टरशी कर्नाटकच्या सीमेवरून वाद घातला. सीमा कुणाच्या बाजूची हे मला आजही माहीत नाही, पण वाद लातूरपर्यंत पुरला.

घरी आलो, तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकली, इस्त्रीचा शर्ट घातला. बायको अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. तिला सगळा बेत सांगितला.

"हे बघ, साहेब आले की तू एवढंच म्हणायचं: हे आले की घर कसं भरल्यासारखं वाटतं. सुट्टी आहे म्हणून तर संसार चाललाय. आणि पाणी मी भरतो."

"तुम्ही?"

"म्हणायला काय जातं?"

"आमचं कायबी जात न्हाई," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला गेली. दुधाची तिनं शेजारून सोय केली होती. पाणी पिण्याच्या घागरीतलंच काढलं होतं. त्या वर्षी पाहुण्याला चहा देणं म्हणजे अंगावरचा दागिना देण्यासारखं होतं.

मी दाराकडे तोंड करून, कचेरीतून आणलेल्या कडक लाकडी खुर्चीवर ताठ बसलो. तिला हात नव्हते, म्हणजे लवंडायची सोय नव्हती. हातात वर्तमानपत्र. डोळे उघडे. लांबून जीपचा आवाज आला. मी मनात म्हटलं, चला, आले, जिंकलो.

डोळे उघडले तेव्हा मी खाली सतरंजीवर होतो. अंगावर चादर होती. समोर स्टुलावर रिकाम्या कपबशा होत्या. उन्हाची तिरीप भिंतीवर चढून गेली होती.

"साहेब नाही आले अजून?" मी विचारलं.

"आले की," बायको म्हणाली. "गेले बी."

आता यापुढचं मी पाहिलेलं नाही. बायकोनं सांगितलं ते सांगतो, आणि ती माझ्यासारखी तिखटमीठ लावत नाही.

साहेब आले तेव्हा मी खुर्चीवर ताठ बसलेलो, वर्तमानपत्र समोर, आणि घोरत. ती मला उठवायला पुढे झाली तर साहेब म्हणाले, "नक्को, नक्को." दोघांनी मिळून मला सतरंजीवर उतरवलं. मी उतरताना म्हणे त्यांचे आभारही मानले, इंग्रजीत. लेक आतून आली आणि सवयीप्रमाणे तोंडावर बोट ठेवून साहेबांना म्हणाली, "हळू बोला. बाबा आलेत." साहेबांनी तिला विचारलं, बाबा आले म्हणजे काय होतं? ती म्हणाली, "रेडिओ बंद होतो."

मग साहेबांनी चहा घेतला. बायकोशी दक्खनीत बोलले. ही त्यांच्या बोलण्याला अर्ध्या मराठीत उत्तरं देत होती आणि दोघांचं अगदी छान चाललं होतं. साहेबांनी विचारलं, "भाभी, ये घर आके क्या करते?"

"विमानं उतरवतात," ती म्हणाली.

"जी?"

"झोपेत. रात्रंदिवस. घरात धा-धा विमानं उतरतात. शेजारचे गुरुजी म्हणतात, विमानपट्टी तुमच्या ओट्यावरच करा."

साहेबांना ते खरं वाटलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्या कानाशी वाकले आणि वैमानिक बोलतो तशा आवाजात, इंग्रजीत, उतरायची परवानगी मागितली.

आणि मी ती दिली. झोपेत. धावपट्टीचा नंबर, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा, सगळं एका दमात, आणि शेवटी उतरायला हरकत नाही. वाऱ्याची दिशा तर खिडकीतून येणाऱ्या झळेशी तंतोतंत जुळली, असं शेजारचे गुरुजी नंतर सगळ्या लातुरात सांगत फिरले. साहेब म्हणाले, ऐकू आलं नाही, परत सांगा. मी परत सांगितलं, न चिडता, एक अक्षर न चुकवता. मग त्यांनी विचारलं, माझ्यापुढे कुणी आहे का? मी म्हटलं, नाही, पण मागे एक आहे, जरा लवकर पट्टी मोकळी करा.

मला हे बायको सांगत होती तेव्हा मी खूश झालो. मी म्हटलं, "बघ! झोपेतसुद्धा चूक नाही. साहेब काय म्हणाले? शाबास म्हणाले असतील."

"न्हाई," ती म्हणाली. "चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, भाभी, टॉवर में भी ये ऐसाच बोलता. बिलकुल ऐसाच. फिर मेरेकू कैसा मालूम, के वहाँ ये जागता रहता करके?"

मला ती कागदी पट्टी आठवली. माझं अक्षर, आणि न आठवणारा हात. मी उगाच चादरीची घडी घातली. 

मग चिडलो. "आणि तू? तू काय सांगितलंस त्यांना? घर भरल्यासारखं वाटतं, म्हणालीस का?"

"त्यांनी इचारलं, चार दिवस येतो तर बरं वाटत असंल. मी म्हणलं, साहेब, हे येतात म्हणजे काय येतात, गादी येती. चार दिवस हातरायची आन् उचलायची. एक दिवस पाठवा, पर माणूस पाठवा."

पुढच्या आठवड्यात चार्ट सरळ झाला. साहेबांनी एक ओळ वर जास्तीची घातली होती: नाइट करून कुणी थेट बस धरायची नाही, आधी क्वार्टरवर झोप, मग गाव. म्हणजे दोन सुट्ट्यांतलाही अर्धा दिवस हैदराबादच्या गादीवर. देगलूरकर माझ्याशी किती तरी दिवस तिन्ही भाषांत बोलला नाही. बोलला तेव्हा म्हणाला, "तुझ्या बायकोला टॉवरमध्ये इनचार्ज कर. निदान तुझ्या थापा तरी थांबतील." टॉवरमधले बाकीचे माझ्याकडे असे बघायचे, जसा मीच मराठवाड्यातला पाऊस पळवला. आणि मला सगळ्यात वैताग कशाचा आला सांगू? झोप यायला लागली. रात्री, अंथरुणावर, शहाण्या माणसासारखी. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जाऊ लागली तशी माझी तक्रार करायची जागाच जाऊ लागली.

नव्या चार्टवर पहिल्यांदा लातूरला गेलो तो पुरा जागा. बसमध्ये सगळी गावं दिसली. उदगीरला किल्ला आहे, हे मला माहीत होतं, पण तो रस्त्यावरून दिसतो हे नवं होतं. वाटेत मनाशी ठरवत होतो: एकच तर दिवस आहे. बायकोशी निवांत बोलू. तिनं जे केलं ते बरोबर नव्हतं, हे तिला नीट, प्रेमानं, दोन तास समजावून सांगू.

घरात पाऊल टाकलं, तर ती रजा टाकून ओट्यावर मेथी निवडत बसलेली. लेक शाळेत. मला पाहून म्हणाली, "जागे हाव?"

"ठणठणीत."

"मग टँकर आला की बघा जरा," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून, हातात मेथीची जुडी तशीच धरून, झोपली. टेकली आणि झोपली. मी मघाशी मनात जुळवलेलं पहिलं वाक्य तोंडातच राहिलं.

मी तिला झोपलेलं पहिल्यांदाच बघत होतो. एरवी मी झोपलेला असायचो ना. टँकर आमच्या गल्लीत कधी येईल याला काही चार्ट नव्हता. सकाळी येई, भर कचेरीच्या वेळात येई, भल्या पहाटे येई. गल्लीतलं कुणी तरी कचेरीच्या खिडकीत जाऊन हाक मारायचं आणि ही टाइपरायटरवरून उठून घागरीला पळायची. भरून झालं की परत टाइपरायटर. हे मला ठाऊक होतं, म्हणजे तिनं सांगितलं होतं, मी झोपेत हो म्हटलं होतं. तिच्या ड्यूटीला ना मॉर्निंग होती ना आफ्टरनून. सहा ड्यूट्या संपल्या की सुट्टी, असंही नव्हतं.

टँकर आला. आणि लगेच माझ्या लक्षात आलं की विमानं उतरवणं सोपं असतं. गल्लीच्या तोंडापासून घागरी, कळश्या, डबे, बादल्या यांची रांग लागलेली, आणि माणूस एकही उभं नाही. माणसांच्या जागी भांडी उभी. त्यातली आमची कोणती? मी एक पितळी घागर आमची म्हणून पुढे सरकवली तर एक आजी दारातून ओरडल्या, "ए विमानवाले! ती माझी हाय. तुमच्या मंडळीची तिकडं, पाटलीणबाईच्या डब्यामागं."

"मग डबा कुठाय?"

"डब्यानं नंबर बदललाय. काल तुमच्या मंडळीनं त्यांचा नंबर घेतला, आज त्यांनी हिचा. आन् हिनं माझ्यासंगं बदललाय, पर ते उद्याचं."

म्हणजे अदलाबदल इथंही होती. मी एवढा शिकलेला, परवान्याचा कंट्रोलर, आणि एका गल्लीतल्या घागरींचा क्रम मला लागेना. आता एकच उपाय होता: हिला उठवून विचारणं. मी ओट्यापर्यंत आलो. हिचं तोंड किंचित उघडं होतं. मेथीची जुडी अजून मुठीत. मी परत गेलो, घरातली रिकामी बादली आणि एक घागर उचलली आणि रांगेच्या सगळ्यात शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्यापर्यंत येईस्तोवर टँकरची धार करंगळीएवढी झाली होती. बादली कोरडी राहिली. घागर अर्धी भरली.

मी ती आत आणून ठेवत होतो तेव्हा आवाजानं ही उठली. घागरीत डोकावली. मग माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच? आपला नंबर तर पुढं होता!"

"मला कुठं ठाऊक कोणती घागर कुणाची?"

"मग उठवायचं की मला! उठवायला काय झालं होतं?"

"तू उठवलं होतंस का मला, साहेब आले तेव्हा?" मी म्हटलं. इतके दिवस घशाशी अडकलेलं शेवटी बाहेर पडलं.

"साहेबच म्हणाले की नक्को म्हणून."

"ते साहेब घरात आल्यावर. त्याच्याआधी?"

ती मेथीची पानं गोळा करू लागली. जमिनीवर पडलेली एकेक काडीसुद्धा उचलली.

"त्याच्याआधी जीप अडकली होती गल्लीच्या तोंडाशी," ती म्हणाली. "टँकर आडवा होता. साहेब उतरून चालत यायलेत, हे मला दिसत होतं. लई वेळ होता. दोनदा हात नेला तुमच्या खांद्यापोतर."

"मग?"

"मग काय? उठवलं असतं तर तुम्ही पटवलं असतं त्यांना. जागे असलं की लई गोड बोलताव तुम्ही."

यावर मला काही तरी जोरदार बोलायचं होतं. चार सुट्ट्या गेल्या होत्या, टॉवरमध्ये माझी अब्रू गेली होती, देगलूरची वेस अजून माझी वाट बघत होती. मी तोंड उघडलं. तिनं रिकामी बादली माझ्या हातात दिली.

"आन् आता जावा. टँकरवाला नाक्यावर च्या पीत बसलाय, टाकीच्या तळाशी पाणी असतं अजून. बघा तुमच्या गोड बोलण्यानं एक बादली निघती का."

मी गेलो. निघाली, पाऊण बादली. त्याला सांगितलं, मी लातूरची विमानपट्टी पास करणारा साहेब आहे.